कुसुमचा तलाव आणि माझा मुआयना

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. कारण ही गोष्ट मी नाही सांगितली तर आमची कुसुम सांगते, आणि तिनं सांगितली की मी तिच्यात जरा जास्तच मूर्ख दिसतो. खरं तर जास्त वगैरे काही नाही हो. जेवढा होतो तेवढाच.

मी वाघमारे बाबू. महसूल कचेरीत कारकुनी करता करता केस पांढरे झाले. पीक बुडालं की साहेब मुआयन्याला यायचे, म्हणजे पाहणीला. त्यांची गाडी कोणत्या रस्त्यानं आणायची, कोणत्या बांधावर थांबवायची, कोणत्या म्हाताऱ्याला नेमकं तेव्हाच खोकायला लावायचं, ह्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. आदिलाबादपासून बासरपर्यंत विचारा कोणालाही!

घरात मात्र माझं काही चालत नाही. घर कुसुमचं. आणि आता तर गावही तिचंच.

तेलंगणात, बाजारहत्नूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथला तलाव गाळानं भरून पार मेला होता. कुसुमनं बायका जमवून समिती केली, गाळ उपसला, बांध घातला, पाणी वाटायचे कायदे केले. तलावाचं पाणी सोडायच्या दरवाजाची किल्ली तिच्या कमरेला. सख्ख्या भावानं पाळी सोडून पाणी घेतलं, तर त्याचंच पाणी तोडलं बाईनं! आता भर उन्हाळ्यातही आमच्या तलावात पाणी असतं आणि शेजारच्या नामदेवच्या मळ्यात वांगी.

ही कीर्ती गेली हैदराबादच्या एका संस्थेपर्यंत. ही संस्था लहान-लहान गरीब देशांच्या अधिकाऱ्यांना शिकवते. हवामान बिघडलं, समुद्र चढला, पाऊस दगा द्यायला लागला, म्हणून जगात म्हणे मोठा निधी ठेवलाय. पण तो मागायच्या आधी आपली तयारी लागते. काम कोण करणार, हिशेब कोण ठेवणार, पाण्यावरून डोकी फुटली तर मिटवणार कोण? हे सगळं नीट चालतं असं एक गाव त्यांना कायमचं शिकवणीसाठी हवं होतं. आमचं पसंत पडलं तर दरवेळी देशोदेशीचे लोक येणार आणि कुसुम आणि तिच्या बायका त्यांना शिकवणार.

कुसुमचा जीव त्यात अडकला होता. "इतकं केलं आमी," ती म्हणायची, "कोनी तरी येऊन पाहावं ना!"

हे सगळं तिनं मला नीट समजावून सांगितलं होतं बरं का. मीच मानलं नाही.

"अवो, ते आपल्याकडून शिकाले येऊन राह्यले."

"कोन? फॉरेनचे? आपल्या गावाले? शिकाले?" मी हसलोच. "कुसुम, मी जिंदगीभर साहेबलोक पाह्यले. साहेब शिकाले येत नसते. साहेब पाहाले येते, पाहून हळहळते, अन् मंजुरी देते."

"तुमी तुमचं डोकं नका चालवू, जी."

आता मला सांगा, ज्या डोक्यावर सरकारनं इतकी वर्षं पगार दिला, ते एकदम बंद कसं करायचं?

कुसुम पोरीला बासरच्या होस्टेलवर सोडायला गेली आणि त्याच संध्याकाळी हैदराबादच्या संस्थेतल्या श्रावणी मॅडमचा मला फोन. कार्यक्रम अलीकडे आलाय, पाहुणे उद्या सकाळीच येतायत. ते कोण, कशाला येतायत, मॅडम तेलुगूत सांगायला लागल्या. मी मधेच म्हणालो, "अर्थमैंदी मॅडम, अर्थमैंदी!" म्हणजे समजलं, समजलं. काय समजलं होतं ते आता ऐका.

मी पोरीच्या फोनवर कुसुमला कळवलं. ती म्हणाली, "मी सकाळच्या गाडीनं येतो. तवर नुसतं झाडून घ्या. दुसरं काई म्हंजे काई करू नका!"

झाडून घ्या? फंडवाले येतायत आणि झाडून घ्या? बाईला मुआयन्यातलं काही कळत नाही, असं म्हणून मी कामाला लागलो.

आमच्या गावामागं एक कुंटा आहे, लहानसं तळं, कधीचं कोरडं पडलेलं. बूड असं भेगाळलेलं की बघूनच घसा सुकावा. मी ठरवलं, गाडी तिकडून आणायची, भरल्या तलावाकडं फिरकूच द्यायची नाही. समितीचा रंगवलेला बोर्ड उतरवला. सोलर पंपावर पोती टाकली. नामदेवची वांगी माझ्या पडवीत लपवली.

समितीतल्या शांताबाई आल्या. "बाबूजी, पाहुण्याईसाठी आमी निळ्या साड्या घेतल्या ना. नेसाच्या काय?"

"अजिबात नाई! सगळ्यात जुनी साडी नेसा."

"जुनीचं पोतेरं केलं जी मी."

"मंग पोतेरं नेसा!"

नामदेव तर हाडाचा नट निघाला. कुंट्याच्या काठावर बाज टाकून गोधडी घेऊन आडवा झाला. वैशाखात, गोधडी! "बाबू, रडू का नुसता कन्हू?"

"आधी कन्ह. पाहुणे जवळ आले का मंग रड."

सकाळी पाहुण्यांची व्हॅन आली. दहा-बारा माणसं, कोणी आफ्रिकेतली, कोणी समुद्रातल्या बेटांवरची. श्रावणी मॅडम कुसुमला बाजारहत्नूरच्या स्टँडवरून घेऊन मागच्या गाडीनं येणार होत्या. म्हणजे मैदान मोकळं! मी व्हॅन थेट कुंट्यावर आणली आणि माझं कचेरीतलं इंग्रजी सोडलं. "सर, वॉटर निल. क्रॉप निल. होप ऑल्सो निल."

पाहुण्यांनी भेगांकडं पाहिलं. एकमेकांकडं बघायला लागले. मी मनात म्हटलं, वाघमारे, हात अजून गेलेला नाही!

तेवढ्यात नामदेवनं असा टाहो फोडला की माझ्याच डोळ्यात पाणी आलं. आणि नेमका त्याचा फोन वाजला. गोधडीच्या आत, स्पीकरवर! आदिलाबादचा व्यापारी ओरडत होता, "अरे नामदेव भाई, कल के बैंगन एकदम फस्क्लास थे! आज गाड़ी भेजूँ क्या?"

पाहुण्यांना हिंदी येत नव्हतं म्हणून वाचलो. एकानं विचारलं, कोण बोलतंय? मी म्हणालो, "डॉक्टर. आस्किंग हेल्थ."

बस. तिथंच सगळं हातातून गेलं.

आना नावाच्या एक दणकट बाई होत्या, कुठल्याशा बेटावरच्या. त्यांनी डोळे पुसले आणि डोक्यावरची गवताची मोठी टोपी काढली. इंग्रजीत म्हणाल्या, आमच्या बेटावरच्या विहिरी खारट झाल्यात, घोटभर पाण्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडं फार काही नाही, पण तुम्हाला असं बघून रिकाम्या हातानं परत कसं जाऊ? आणि त्यांनी पाकिटातल्या नोटा टोपीत टाकल्या! टोपी फिरायला लागली. जो तो खिशात हात घालतोय. शेवटी ती भरलेली टोपी माझ्या हातात आली.

मी गडबडलो. मुआयन्यात साहेब कधी स्वतःच्या खिशात हात घालतो का हो? मी विचारलं, "मॅडम, यू आर फंड, नो?"

"फंड?" त्या चकित झाल्या. "आमचाच देश निधीसाठी अर्ज करायला शिकतोय. तयारी कशी असावी ते बघायला आम्ही तुमच्या गावी आलोय. तो प्रसिद्ध तलाव कुठाय?"

ज्यांची बेटं समुद्रात जायला आलीत त्यांच्याकडून मी वर्गणी गोळा केली होती! आणि कोणासाठी? पडवीत वांग्यांचा ढीग असलेल्या गावासाठी!

आणि तेव्हाच मागची गाडी आली. श्रावणी मॅडम उतरल्या. कुसुम उतरली, निळी साडी नेसून. तिनं पोतेरं नेसलेल्या शांताबाईंना पाह्यलं, गोधडीतल्या नामदेवला पाह्यलं, माझ्या हातातली टोपी पाह्यली.

"अवो," ती घाबरून म्हणाली, "कोन गेलं?"

नामदेवनं गोधडी तोंडावर ओढून घेतली. तिला हळूहळू उमगलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "माहा तलाव नाई दाखवला तुमी?"

खरं सांगतो, मला रडू आलं. इतक्या वर्षांत ह्या बाईचं काम बघायला पहिल्यांदा कोणी आलं होतं आणि मी तेच पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. पाहुण्यांना, मॅडमना, सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं. हे माझं नाटक आहे. शी नो फॉल्ट. ओन्ली मी.

कुसुमनं टोपी घेतली, दोन्ही हातांनी आनाबाईंना परत दिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "चला."

तलावाच्या बांधावर चढल्यावर पुढं सगळं पाणीच पाणी! पाहुणे बघतच राहिले. कुसुमनं दरवाजा दाखवला, किल्ली दाखवली, भावाचं पाणी कसं तोडलं तेही सांगितलं. श्रावणी मॅडम इंग्रजीत सांगत गेल्या. मी सगळ्यात मागं, पोती गोळा करत.

शेवटी आफ्रिकेतला एक उंच अधिकारी हसत काहीतरी म्हणाला. कुसुमनं माझ्याकडं न बघता विचारलं, "काय म्हनते तो?"

"म्हनते, त्याच्या खात्यातबी एक कोरडी विहीर राखून ठेवली हाय. बाहेरचं कोनी आलं का तीच दाखवते."

"म्हंजे जगात सगळीकडं बाबूच हायेत काय!" कुसुम म्हणाली. आणि मग त्या सगळ्यांना उद्देशून, "रडून दाखवलं तर पैसा भेटनबी एकडाव. पन आलेला सांभाळाले कोन हाय, ते नाई का दाखवा लागत?"

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आनाबाईंनी कुसुमला मिठीच मारली. जाताना त्यांना माझ्या पडवीतली वांगी दिली. नामदेवनं स्वतः, खणखणीत तब्येतीत, गाडीत नेऊन ठेवली.

तर, आमचं गाव पसंत पडलं! आता वर्षातून कैक वेळा पाहुणे येतात. निळ्या साड्यांतल्या बायका शिकवतात. आणि त्या शिकवणीत मलाही काम आहे. सगळ्यांना आधी कोरड्या कुंट्यावर नेतात. तिथं मी उभा असतो. कुसुमनं त्यासाठी इंग्रजी शिकून घेतलंय. माझ्याकडं बोट दाखवते आणि म्हणते, "धिस इज माय हजबंड. डू नॉट डू."

मी नमस्कार करतो.

मागच्या खेपेला एका पाहुण्यानं विचारलं, ताई, तुम्ही एवढा मोठा तलाव दुरुस्त केलात, मग हा लहानसा कुंटा असाच का ठेवलाय?

कुसुम म्हणाली, "कवाच भरला असता जी. पन मंग ह्याईले उभं कुठी करू?"