अमॉस टायसनची ओझी

रॅवनडेलच्या खोऱ्यात चर्च नव्हतं. माणूस गेला की त्याला खांद्यावर घेऊन खिंड चढायची आणि पलीकडच्या गावात मातीआड करायचं. या वाटेवर अमॉस टायसनने चाळीस वर्षं शेजारीपाजारी पोचवले. दिवसा तो छपराच्या दगडी पाट्यांच्या खाणीत राबे. ताडमाड माणूस, चढणीला शवपेटीच्या मागे आणि उतरणीला पुढे त्याला घेत, कारण उंच खांदा लागतो तो खालच्या बाजूला.

त्या लोकांच्या इंग्रजीत एक क्रियापद आहे, कॅरी. आपण ओझं वाहतो, पोर कडेवर घेतो, मेलेल्याला खांदा देतो, मनात अढी धरतो. त्यांना या सगळ्याला तो एवढा एक शब्द पुरतो. गाभण मेंढी कोकरू कॅरी करते, सुरुंगाचा आवाज वारा कॅरी करतो, आणि तळ्यावरचा बर्फ आपल्याला कॅरी करील का, हे तिथला माणूस पाय टाकण्याआधी चाचपून बघतो. अमॉसबद्दल म्हणत, हा कुरकुर न करता कॅरी करतो. अमॉसला ते ऐकायला आवडे.

खांदेकऱ्यांची एक रीत होती. खांद्यावर भार असताना बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर आधी वाटेवरच्या टेकणीच्या दगडावर पेटी खाली ठेवायची. अमॉसने ही रीत घरातही पाळली. तिथे तो चुकला.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी टॅमरला, त्याच्या बायकोला, सातव्या महिन्यातच कळा आल्या. मूल मेलेलंच जन्मलं. सुईणीने तिचं तोंड भिंतीकडे वळवलं. बघू नकोस, लवकर विसरशील, म्हणाली. मूल तिने मेणबत्त्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. अमॉसने ते खोकं कोटाखाली घेतलं आणि एकटाच खिंड चढला. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून पलीकडच्या पाद्र्याने जागा नाकारली. परतताना अमॉसने मधल्या टेकणीच्या दगडाखाली उकरून खोकं पुरलं. घरी येऊन कोट खुंटीला लावला आणि गाईची धार काढायला गेला. टॅमरने विचारलं, नीट ठेवलंस ना? त्याने मान हलवली. ती समजली, चर्चच्या भिंतीलगत कुठेतरी असेल. पुन्हा मूल झालं नाही, आणि विषयही निघाला नाही.

पण दर गुरुवारी लोण्याची टोपली घेऊन बाजाराला जाताना टॅमर दम खायला बसे ती नेमकी त्याच दगडावर. सोबतचा अमॉस उभाच राही. "घोड्यासारखा उभा काय राहतोस? बस की, चावत नाही दगड," ती म्हणे. अमॉस डोंगराकडे बघत राही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता छत्तीस वर्षं गेली.

मग एका मार्चमध्ये टॅमरच्या छातीत पाणी झालं. पंधरा दिवस, डॉक्टर म्हणाला, फार तर. तिच्या बहिणीचा मुलगा जॉन्टी, तोही खांदेकरी, भेटायला आला. आपले खांदेकरी कोण ते तीच ठरवू लागली. नवऱ्याला काही ती नेमू शकत नव्हती. घरच्याने खांदा द्यायचा नाही, मागून चालायचं, अशी तिथली चाल.

"बुटक्या विल्सनला चढणीला मागे घेऊ नका. उलटी उभी राहून जाईन मी," ती म्हणाली.

"तू काय, मावशी, आडवी असतानाही हुकूम सोडशील," जॉन्टी म्हणाला.

"सोडीनच. आणि मधल्या दगडावर जरा जास्त वेळ टेकवा. माझी बसायची जागा आहे ती."

जॉन्टी हसत गेला. अमॉस चुलीपुढे बसून राहिला. आता नाही सांगितलं तर ऐकायला कोणी उरणार नव्हतं. दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. पाद्री, खोकं, दगड.

टॅमरने धापत त्याच्याकडे मान वळवली.

"मी त्यावर बसत होते," ती म्हणाली. "पाय हलवत, लोणी वितळेल म्हणून कुरकुरत. आणि तू बघत होतास."

"तुला आणखी भार नको, म्हणून..."

"माझा होता तो. तुला कोणी सांगितलं एकट्याने वाहायला?"

मग तिने विचारलं, मुलगा की मुलगी. मुलगी, सुईण म्हणाली होती. केस होते का? त्याला माहीत नव्हतं. तोंड कुणासारखं होतं? त्याने खोकं उघडून पाहिलंच नव्हतं. सगळ्या खोऱ्याला वाटे, अमॉसएवढं कुणी वाहिलं नाही; आणि स्वतःच्या लेकीबद्दल त्याच्याजवळ सांगायला एवढंही नव्हतं.

"मग तुला ठाऊक तरी काय आहे?"

"वजन," तो म्हणाला.

"आण."

त्याला कळलं. त्याने उशीचा अभ्रा काढला आणि डब्यातलं ओटचं पीठ त्यात भरू लागला. भरून हातावर तोलायचा, मूठभर काढायचा, पुन्हा घालायचा. एकदा वाटलं झालं. मग चिमूटभर परत काढलं. तोंड दोरीने बांधून त्याने ते तिच्या कुशीत ठेवलं.

"एवढीशी?" टॅमर म्हणाली.

"एवढीच."

तिने त्यावर हात ठेवले. दिवे लागेपर्यंत ती तशीच पडून होती. तिचे हात भरून आलेले त्याला दिसत होते. घेऊ का जरा, असं त्याने दोनदा विचारलं. तिने नाही म्हटलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.