विलायतेच्या प्रधानासाठी कौल

महिपत दर शनिवारी माझ्याकडे वर्तमानपत्र ऐकायला यायचा, आणि एक अक्षर ऐकायचा नाही. आमचा गाव हातखंब्यापासून दोन कोसांवर, मी तिथला शाळामास्तर आणि हा भात-नाचणी पिकवणारा पन्नाशीचा गडी. मी वाचून वाचून घसा कोरडा करायचा आणि शेवटी त्याचा प्रश्न ठरलेला.

"मास्तर, जर्मनान तहाचं बोलणं काढलान, तवा विलायतेच्या प्रधानान मनावर घेतलं असतं, तर तह झाला असता का नाय?"

तेव्हा १९२८ साल चालू होतं. लढाई संपून दहा वर्षं होत आली होती. तो प्रधान, लॉइड जॉर्ज, गादीवरून उतरूनही जमाना झाला होता, पण महिपत काही त्याला सोडत नव्हता. मी कधी 'झाला असता' म्हणायचो, कधी 'छे, तो कसला ऐकतोय' म्हणायचो. खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. एकदा वैतागून म्हटलं, "तुला रे काय करायचंय?" तेव्हा त्याने सांगितलं.

त्याचा धाकटा भाऊ आत्माराम पलटणीत होता. सोळा साली मेसोपोटेमियात जखमी होऊन रजेवर घरी आला. डिसेंबरात रजा संपली, पण त्याचा पाय घरातून निघेना. नेमकं त्याच आठवड्यात महिपतने हातखंब्याच्या बाजारात ऐकलं की जर्मनी तह करायला तयार आहे. तो भावाला म्हणाला, "जा बिनधास. तुझी बोट बसऱ्याला लागायच्या आत लढाई थांबेल." आत्माराम गेला. प्रधानाने तहाला नकार दिला, आणि फेब्रुवारीत आत्माराम तिकडच्या नदीकाठी पडला.

तह होण्यासारखा होता, तर महिपतचा सल्ला शहाणपणाचा आणि दोष त्या प्रधानाचा. नव्हताच होण्यासारखा, तर त्याने बाजारगप्पांवर विसंबून पाठच्या भावाला मरणाच्या दारात ढकललं होतं. आत्मारामची बायको यमुना त्याच घरात राहत होती. रीतीप्रमाणे ती थोरल्या दिरासमोर येत नसे, त्याच्याशी बोलत नसे. हे तिला सांगण्याची त्याची छाती झाली नव्हती.

माझ्या उत्तरांना कंटाळून तो एका सोमवारी मला सोबत घेऊन ग्रामदेवतेला कौल लावायला गेला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाव म्हैस हरवली तरी कौल लावतो, पण भिकाजी गुरव हे ऐकून चाटच पडला.

"आरं, आपला देव शिवेपर्यंतचा. विलायतेतलं त्याला काय म्हायत?"

मी गुरवाची बाजू घेतली. हसूही आवरत नव्हतं. महिपत ढिम्म हलेना. शेवटी भिकाजी म्हणाला, "बरं, इचारू. पण कशापायी इचारतोस ते देवाला उघड सांगायला लागंल. घरची माणसं हजर हवीत."

हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण प्रधानाच्या नादात महिपत तो साफ विसरला होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आता तो घरी पळणार, असं मला वाटलं. पण तो खाली बघत म्हणाला, "यमुनेला बोलवा."

ती येऊन खांबाआड उभी राहिली. महिपतने देवाकडे तोंड करून सगळं सांगितलं. 'मी त्याला धाडला,' हे त्याने दोनदा सांगितलं. माझं हसू केव्हाच पळालं होतं.

खांबाआडून आवाज आला, "भावजी."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

"तह व्हनार नाय, ह्ये त्यांना ठाऊक व्हतं. जाताना मला बोल्ले, दादाला वाटतंय तर वाटू दे, त्याच्या जिवाला तेवढाच आधार. माझे जोडीदार तिकडं हायत, मला जायलाच हवं."

"मग इतकी वर्षं बोल्लीस का नाय?"

"तुमी विलायतेच्या प्रधानाचं इचारीत बसलात. मला कधी इचारलंत?"

महिपत मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला. रडताना त्याचा चेहरा इतका मोकळा दिसत होता की माझाही जीव भांड्यात पडला. भिकाजीने कळ्या ओल्या करून ठेवल्या होत्या. "लावू काय?" त्याने विचारलं. महिपतने मानेनेच नको म्हटलं.

यमुना नेहमी त्याच्या मागे वीस पावलं राखून चालायची. त्या दिवशी मात्र ती जवळ येईपर्यंत तो थांबत थांबत चालला. मी त्यांच्या मागेच होतो. आत्माराम आणखी काय बोलला, असं तो घर येईपर्यंत विचारत होता, आणि ती सांगत होती.