खिसे तपासणारा माणूस

गेल्या हिवाळ्यात वाशीच्या बाजारात मशिदीबाहेर तो गरम कपडे गोळा करत बसला होता. सीरियातल्या युद्धात घरं गेलेल्या कुटुंबांसाठी, असं मागच्या बॅनरवर लिहिलं होतं. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. कुणी कोट दिला, की तो आधी त्याच्या खिशात हात घालायचा. मदत हे नुसतं निमित्त, याला लोकांच्या विसरलेल्या नोटा हव्यात, असं वाटून मी समोरच्या चहाच्या गाड्यावरून पाळत ठेवली. शेवटी राहवेना, म्हणून जवळ जाऊन विचारलं, "चाचा, खिशात काय शोधता?"

त्यानं मूठ उघडली. एसटीचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, मळका रुमाल.

"दुसऱ्याचं कायबी खिशात घावलं, तर घालणाऱ्याला लई कमीपणा वाटतो, साहेब. त्येंची घरं पडली, इज्जत न्हाय पडली."

मी ओशाळलो. घरून मुलाचा कोट आणून देतो म्हणालो. त्यानं चष्म्यावरून मला न्याहाळलं.

"मघापास्नं तुमी तिथनं बघताय. पोलिसातले हायसा का?"

"नाही हो, शाळेत शिक्षक आहे."

"बरं," तो म्हणाला आणि कपड्यांचं गाठोडं त्यानं हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.