बोर्डवर आधी डावा पाय

एसटी दारात उभी होती. आमचं घर रस्त्याला लागूनच, त्यामुळे ड्रायव्हरचा दोनदा हॉर्न वाजवून झाला होता आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घाईघाईने उंबरठा ओलांडला, तो डाव्या पायाने. आईच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. "मागे फिर गो. बस, पाणी पी, आणि उजवो पाय आधी टाक. चांगल्या कामाक जातंस." मी चिडले, पण बसले, पाणी प्यायले आणि उजवा पाय टाकून पुन्हा निघाले. बाबा एसटीच्या पायरीपर्यंत आले. "एक वर्स बघ," म्हणाले. "नाय जमला तर परत ये. हय घरदार सगळा आसाच." ते मायेनेच म्हणाले होते, पण मला टोचलं. परत यायला मी निघालेच नव्हते.

वाडीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या मैत्रिणींनो, भांडुपला मावशीची खोली टेकडीवर आहे. पायऱ्या चढताना पहिल्या आठवड्यात माझ्यासारख्या खो-खोवालीलाही धाप लागायची. शारीरिक शिक्षणाची पदवी होती, जिल्ह्यापर्यंत खेळले होते, म्हणून मुलुंडच्या एका खासगी क्रीडावर्गात मुलांना पळवायचं काम मिळालं. तेही तात्पुरतं. साडेदहा महिने झाल्यावर वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी बोलावून सांगितलं की स्केटबोर्ड शिकवणारी रेश्मा बंगळुरूला चालली आहे आणि यापुढे दोघींचं काम एकीनेच करायचं आहे. "सहा आठवड्यांत तू शिकलीस तर तू. नाहीतर मला दुसरी कोणी बघावी लागेल."

बाबांचं वर्षही नेमकं तेव्हाच संपत होतं. स्केटबोर्डला मी तोवर हातसुद्धा लावला नव्हता. "शिकते," म्हणाले.

रेश्मा घाटकोपरची, माझ्याच वयाची, दोन्ही कोपरांवर जुन्या खरचटल्याचे डाग. पहिल्या दिवशी मी बोर्डवर उजवा पाय ठेवला, डाव्याने ढकललं आणि पाच हातांवर बोर्ड एकीकडे, मी दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. मावशी गुडघ्यांना हळद लावत म्हणायची, "अगं, लग्न व्हायचंय अजून, गुडघे तरी शिल्लक ठेव."

शेवटी रेश्मा जमिनीवर उकिडवी बसली आणि नुसते माझे पाय बघत राहिली. मग उठून माझ्या मागे आली आणि न सांगता मला हलकाच धक्का दिला. तोल सावरायला माझा डावा पाय पुढे पडला. "बघ, तुझा पुढचा पाय डावा. पण ढकलताना तू तोच खाली घेतेस आणि मागच्या पायावर उभी राहतेस. सगळं वजन मागे! मग वाट लागणार ना यार. डावा पाय पुढच्या चाकांवरच्या स्क्रूंवर ठेव, बोटं समोर, गुडघा वाकव, वजन त्याच्यावर. उजवा पाय बोर्डच्या अगदी लगत टाक, लांब मागे ने, मग उचलून मागच्या टोकावर ठेव आणि डावा आडवा कर. बस, एवढंच."

एवढंच! डोक्याला ते मिनिटभरात कळलं. पण बोर्ड समोर आला की उजवा पाय आपोआप उचलला जायचा आणि आधी वर जाऊन बसायचा. "कोणी शिकवलं तुला असं?" रेश्माने वैतागून विचारलं. कोणी नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि आमचा उंबरठा आठवला. मी तिला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली.

कारण कळल्यावर पाय सुधारेल असं वाटलं होतं. कसलं काय! परीक्षेला जाताना, मुलाखतीला जाताना, नव्या जागेत शिरताना, जन्मभर जो पाय पुढे टाकला तो असा ऐकतो होय? आणि खरं सांगते, डावा पाय आधी ठेवताना पोटापाण्याच्या कामाची सुरुवात आपण चुकीच्या पायाने करतोय असं वाटायचं. मग मी हट्टालाच पेटले. रोज सकाळी सहाला मैदानाच्या सिमेंटवर जायचे. ढकलायचं नाही, फक्त डावा पाय वर ठेवायचा, उतरवायचा, पुन्हा ठेवायचा. फिरायला येणाऱ्या बायका माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघायच्या.

रविवारी आईचा फोन आला. "पडतंस काय गो अजून?"

"पडते."

"कित्याक?"

मी कारण सांगितलं. मला वाटलं, ती रागावणार. पण तिने विचारलं, "आणि उजवो पाय तेवा खंय असता?"

"जमिनीवर. तोच ढकलतो."

"म्हणजे काम उजवोच करता मा? मगे झाला. डावो बसांदे वर."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून तो पाय चुकीचा वाटेनासा झाला.

सहावा आठवडा संपला तेव्हा मॅडम कडेला चहा घेऊन उभ्या राहिल्या. मैदानाच्या तीन फेऱ्या मारायच्या होत्या. पहिली नीट झाली. दुसरीत वळणावर उजवा पाय बोर्डपासून लांब पडला, रेश्मा "लगत, लगत!" ओरडली आणि मी सपशेल आडवी झाले. उठले, बोर्ड ओढून आणला, पुन्हा निघाले आणि तिसरीही पुरी केली. मॅडम म्हणाल्या, "पडल्यावर कुठला पाय आधी टाकतेस तेच बघत होते. सोमवारपासून मुलं तू घे." कुठला टाकला होता ते मला आठवतसुद्धा नव्हतं. रेश्माने लांबूनच डावा पाय उचलून दाखवला.

त्या संध्याकाळी पायऱ्या चढून मावशीच्या खोलीशी आले. वर्षभर मी तिथे कशीही शिरायचे, चपला भिरकावून, आधी पिशवी आत टाकून. त्या दिवशी दारात थांबले. "काय गं, अशी उभी का?" मावशी आतून म्हणाली. काही नाही म्हटलं आणि उजवा पाय आधी आत टाकला. मग बाबांना फोन केला. वर्ष संपलं, मी येते म्हटलं, पण गणपतीला, चार दिवस.

माझी आता दोन घरं आहेत. दोन्हीकडे उजवा पाय आधी पडतो. मधे बोर्डवर मात्र डावा.