सोड्याच्या दुकानातली पायदांडी

कुंडलचा लालासाहेब सेहेचाळीस साली पलटणीतून सुटून घरी आला, तेव्हा गावानं त्याला विचारलं, इटलीत काय बघितलंस? घुमट, तोफा, बर्फाचे डोंगर, सगळं त्यानं बघितलं होतं. पण सांगायला लागला की गडी थेट एका गल्लीतल्या दुकानात शिरायचा. तिकडं त्याला बार म्हणत. सकाळी कॉफी, संध्याकाळी दारू, आणि बसायला काही नाही. लाकडी कट्ट्याला टेकून उभं राहायचं.

"आन् खाली वीतभर उंचीवर पितळेची दांडी," इथं त्याचा आवाज कीर्तनकारासारखा उतरायचा. "तिच्यावर एक पाय ठिवायचा. दिसभर वझं व्हायल्याली पाठ आशी मोकळी हुती गड्या, का बायकूनं तेल लावावं."

हे ऐकून गाव हसायचं आणि त्याची बायको अंजना चुलीत फुंकर जरा जोरात घालायची.

लालासाहेबानं सांगलीच्या पेठेत, हळदीच्या वखारींसमोर, गोटी सोड्याचं दुकान घ्यायचं ठरवलं. सगळा दिवस पोती वाहणारे हमाल तिथं येणार, आणि त्यांच्या पाठींना इटलीचं सुख मिळणार. कट्टा झाला, बाटल्या आल्या, राहिली दांडी. तिला पितळ हवं होतं, आणि घरात पितळ म्हणजे अंजनाच्या माहेरची भांडी. हंडा, घागर, परात, तपेली.

अंजनानं रात्रभर विचार केला आणि सकाळी भांडी स्वतःच अंगणात आणून मांडली.

"न्या. पण माजी अट हाय. दसऱ्याला दुकान उघडताय न्हवं? त्या दिशी दिवस मावळायच्या आत एका तरी गिऱ्हाइकाचा पाय मला त्या दांडीवर दिसला पायजे. न्हाई दिसला, तर दांडी मोडायची आन् माजी भांडी करून द्यायची."

"एक? आगं, पाय ठिवायला जागा मिळायची न्हाई," लालासाहेब म्हणाला.

जोतिबा तांबटानं भांडी मोडीत घेतली आणि त्या बदल्यात गुळगुळीत पितळी दांडी घडवली. लोहारानं लोखंडी पाये ठोकून दिले. दांडी कट्ट्याखाली बसली तेव्हा लालासाहेब तिच्यावर एकदा डावा पाय ठेवून बघे, एकदा उजवा, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून दाखवे. चिंचेनं घासून घासून त्यानं ती अशी लखलखीत केली, की तिच्यात त्याच्या मिशा लांबोळक्या दिसायला लागल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शेतकरी औतं पुजतात, शिपाई हत्यार पुजतो. लालासाहेबाची बंदूक सरकारजमा झालेली. मग त्यानं मोठ्या भक्तीनं पुजली ती दांडी. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ चढवली, नारळ फोडला. तेवढ्यानंच घात झाला.

दसऱ्याच्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं कोंडीबा हमाल. पेठेतला सगळ्यात रुंद माणूस, उमेदीत कुस्त्या मारलेला. लालासाहेबानं सोडा फोडला, फस्स झालं, आणि हात खाली करून म्हणाला, "ठिवा पाय, पाव्हणं."

कोंडीबानं खाली बघितलं. पायातल्या वहाणा काढल्या. वाकून दांडीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि दोन पावलं मागं सरून उभ्यानं सोडा प्यायला.

"आवं, पाय ठिवायचाय."

"हळदकुंकू वायल्याल्या पितळंवर? माजं काय वाटुळं करायचंय का?"

मग तीच रीत पडली. येईल तो वहाणा काढी, दांडीला नमस्कार करी आणि लांब राहून पिई. सोडा धो धो खपत होता, पण लालासाहेब दर बाटलीमागं कलत्या उन्हाकडं बघत होता. दुपारनंतर कुणीतरी दांडीवर आपट्याची पानं ठेवली, कुणी दिडकी वाहिली.

मावळतीचं ऊन वखारींच्या कौलांवर चढलं तेव्हा अंजना आली. तिनं दारातल्या वहाणांचा ढीग बघितला, पानांनी झाकलेली दांडी बघितली. लालासाहेब फडक्यानं उगाच कोरडा कट्टा पुसत होता. कोंडीबा दुसऱ्या खेपेला येऊन कमरेवर हात ठेवून, वाकडा होऊन पीत होता.

त्याचे पैलवानी, चुरगळलेले कान बघून अंजना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, आखाड्यात उतरताना मातीला हात लावता न्हवं?"

"लावणारच की. माती म्हंजी आय."

"मग कुस्ती कुटं खेळता? झाडावर?"

हमाल खो खो हसले. कोंडीबाही हसला, मग हसता हसता थांबला. त्यानं बाटली ठेवली, दांडीला पुन्हा हात लावला, पानं बाजूला केली आणि आपला थोरला, हळदीनं पिवळा झालेला पाय जपून तिच्यावर ठेवला. थोडा वेळ त्यानं पाठीचा अंदाज घेतला.

"आयला," तो हळूच म्हणाला. "लालासाब, खरं सांगत हुता तुमी."

मग रेटारेटी सुरू झाली. नमस्कार, पाय, सोडा. नमस्कार, पाय, सोडा. लालासाहेबाला इतक्या बाटल्या फोडाव्या लागल्या, की बोलायलाच सवड होईना. जरा मोकळीक मिळाल्यावर तो अंजनाच्या कानाशी आला.

"जराशी गप बसली आसतीस, तर भांडी परत आली आसती तुजी."

"आली आसती," अंजना म्हणाली. "आन् तुमी रोज त्या परातीत तोंड बघून उसासं टाकलं आसतं. ते ऐकत माज्या भाकरी करपल्या आसत्या. बाटल्या द्या हिकडं, धुते."