सोनाट्याच्या दोन प्रती

मला पियानो वाजवता येत नाही. मग मी पियानोच्या पुस्तकांबद्दल लिहावं कशाला, असं कोणीही म्हणेल. वाचकांनी माफ करावं. पण मी जे केलं ते मीच सांगायला हवं.

आमचं घर उत्रोलीचं, भातशेतीचं. भोरला एका इनामदारांनी मुलींसाठी पियानोचे मास्तर ठेवले होते. मी हायस्कुलात असताना त्या मास्तरांनी मला स्वरलिपी वाचायला शिकवली, फुकट. एका जर्मन रचनाकाराचा सोनाटा, म्हणजे पियानोवर वाजवायची लांब रचना, ते पानं सुटलेल्या जुन्या प्रतीवरून वाजवत.

पुढे पुण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच सोनाट्याची नवी, जाड प्रत मिळाली. घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. नवं छापलेलं ते खरंच असणार. उन्हाळ्याच्या सुटीत ती घेऊन भोरला इनामदारांकडे गेलो आणि दोन्ही प्रती ओळीनं ताडून पाहिल्या. एका जागी नव्या प्रतीत सूर वर चढत जात होते, मास्तरांच्या प्रतीत मध्येच मागे फिरत होते.

"मास्तर, तुमच्या प्रतीत छपाईची चूक आहे."

"म्हणजे तीस वर्षं चूकच वाजवली म्हणायची!" ते हसले.

इनामदारांची थोरली मुलगी म्हणाली, "आता तुम्हीच यांची शिकवणी लावा, मास्तर."

मास्तर बँडमध्ये शिकलेले. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे केली. "लिही बाबा. तू शिकलेला."

त्यांच्या जुन्या प्रतीवर मी नव्या प्रतीतलं लिहिलं. ऐटीत लिहिलं.

नवी प्रत ग्रंथालयात परत करताना मी तिची इंग्रजी प्रस्तावना वाचली. आधी वाचायची, ती तेव्हा. रचनाकाराच्या काळी पियानोला वरच्या पट्ट्या कमी होत्या, म्हणून त्यानं सूर मागे फिरवले होते. वरचे सूर संपादकानं स्वतः घातले होते. मास्तरांना कळवायला पत्र घेऊन बसलो. लाज वाटली. उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत दिवाळी गेली.

मग एके दिवशी वडील वसतिगृहावर तांदूळ घेऊन आले.

"तुज्या मास्तरास्नी काडलं रं. थोरलीला बघाया बॅरिस्टर आला व्हता. तिनं वाजवलं, तर त्यो हसला. म्हनला, मधी भलतंच घातलंय. इनामदार लई तापलं. पुस्तकात कुनी लिवलं म्हून इचारलं."

"मग?"

"मास्तर म्हनलं, म्याच. कुठं गेलं, कुनाला ठावं न्हाई."