नेपल्सच्या बाल्कनीतला हिरवा खण

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. इंदापुरात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कुणाचा साधा तापसुद्धा मानत नाही. तरी हे लिहितेय... कारण घरच्या टीव्हीवर एक रिपोर्ट असा आलाय की त्याचं काय करावं तेच कळेना.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं इटलीला गेलो होतो — मी, माझे मिस्टर, बारा वर्षांची सई आणि सासूबाई. आईंचा सगळा जन्म निमगाव केतकीत, डाळिंबाच्या बागेत गेलेला. मुक्काम रोमला होता, तिथून एक दिवस ट्रेननं नेपल्स. घाणेरडं शहर आहे, पाकिटं सांभाळा, असं ज्यानं त्यानं बजावलं होतं. आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं न टाकलं तोच मी त्या शहराच्या प्रेमात पडले. भिंतीभर रंगाचे फराटे, कोपऱ्यात कचरा, एका स्कूटरवर तिघं, वर या बाल्कनीपासून त्या बाल्कनीपर्यंत वाळत घातलेले कपडे आणि खाली नुसता कालवा. रोममध्ये अवघडून फिरणाऱ्या आई इथं एकदम खुलल्या.

"आपल्यावानीच वरडत्यात की गं ही माणसं," म्हणाल्या.

सकाळी आमचं त्यांच्या कापडी पिशवीवरून वाजलं होतं. निघताना पणदऱ्याच्या नणंदेनं त्यांची ओटी भरली होती. तो हिरवा खण, कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेला, त्या पिशवीत घेऊन हिंडत होत्या.

"आई, परदेशात खण कशाला?"

"असू दी. कुणी काय दिलं तर त्येचं भांडं रिकामं कसं धाडायचं?"

मी हसले. इथं कोण तुम्हाला वाटीभर भाजी देणार आहे, असंही म्हणाले. पण त्यांचा खांदा दुखतो, म्हणून पिशवी मीच अडकवली.

जुन्या भागातल्या एका बोळात पिझ्झ्याचं दुकान सापडलं. बारा वाजून गेले होते. मिस्टर आणि सई रांगेत शिरले. "आईचा हात सोडू नको," ते मला म्हणाले. मी पिशवी आईंकडे दिली, पीठ हवेत फिरवणाऱ्याचा व्हिडिओ काढायला मोबाईल काढला... आणि हात सोडला. वळून बघते तर आई नाहीत.

आईंकडे फोन नव्हता, पासपोर्ट मिस्टरांच्या बॅगेत. पण मला खरी भीती होती ती वेगळ्याच कारणानं. त्यांनी सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं. अशा माणसाचं पुढं काय होतं ते मी रोज कागदावर बघते. आम्ही बोळ न् बोळ धुंडाळला. पोलिसांना फोटो दाखवला. सई रडत होती. मिस्टर हाका मारत पुढं धावत होते.

दीड तासानं पिझ्झ्याच्या त्याच बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून आई चालत आल्या. सावकाश, पदर सावरत, पदरावर पावाचा चुरा.

"तुमी जेवला का न्हाय?" असं त्यांनीच आम्हाला विचारलं.

मी भर रस्त्यात त्यांच्या गळ्यात पडून रडले.

झालं होतं असं. एका हातगाडीवर डाळिंबं दिसली. आपल्या बागेतल्या भगव्या वाणापुढं ती कशी ते बघायला आई गाडीमागं गेल्या आणि बोलत... म्हणजे स्वतःशीच बोलत, चार बोळ पुढं पोचल्या. मग घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली, म्हणून एका पायरीवर टेकल्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून बाईचा आवाज आला, "अवं मावशी, हिकडं वर बगा." दोरीनं टोपली खाली आली. आत पाव आणि लिंबाचं सरबत.

"टोपली रिकामी कशी धाडायची? खण ठिवला आत. मग ती म्हनली, कोपऱ्याकोपऱ्यावर भितीत देवाच्या देवळ्या हायेत. दिवा लागलेली देवळी उजव्या हाताला ठिवत जावा, पोचताय."

"कुठल्या भाषेत म्हणाली?" मी विचारलं.

"आपल्याच की. आनी कुठल्या?"

शुगर उतरली की माणसाला भास होतात, हे मीच मिस्टरांना समजावलं. पण मग पाव कुणी दिला? असेल एखादी दयाळू बाई. बोलण्याचा तेवढा भास. विषय संपला.

परत आल्यावर एका दुपारी निमगावच्या घरी सई टीव्हीवर फोटो लावत होती. नेपल्सचा एक फोटो आला. मिस्टरांनी माझा काढलेला, वेळ सकाळी १०:५२. आई हरवायच्या तासभर आधीचा. मी एका बोळात दात काढून उभी आहे. खांद्याला ती पिशवी, तिच्यातून खणाचा हिरवा काठ बाहेर आलेला.

"मम्मी, वर बघ," सई म्हणाली.

मागं तिसऱ्या मजल्याची बाल्कनी. कठड्याला दोरीची टोपली. शेजारी, वाळत घातल्यासारखा, हिरवा खण. सईनं फोटो मोठा केला. कोपऱ्याला पिवळी-लाल बोटं.

मी नणंदेला फोन केला. असा खण तिनं एकच घेतला होता. मिस्टरांनी मोबाईलची वेळ तपासली, मूळ फाईल तपासली. मी शंभर कारणं लावून बघितली, एकही बसलं नाही. पिशवी माझ्याच खांद्याला होती हो... आणि पिशवीत खण.

शेवटी आईंना बागेतून बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला आणि टीव्हीजवळ जाऊन त्या बाल्कनीवर बोट ठेवलं.

"व्हय, हीच ती," म्हणाल्या. "पोचला न्हवं तिला? मग झालं की."

आणि पुन्हा डाळिंबं निवडायला गेल्या.